ठिपका चालूच ठेवा

बजाजनगर, छत्रपती संभाजीनगर
५ नोव्हेंबर २०२३

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम.

आज गोजरबाई काकू आली होती. तुझं सप्टेंबरचं पत्र तिला तिसऱ्यांदा वाचून दाखवलं. ऐकून झाल्यावर म्हणाली, "याच्यात कायच नाय. जेवलो, झोपलो, ठीक आहे. एवढ्यासाठी कागद कशाला खराब केला माझ्या लेकानं?" तिथे फोन चालत नाही, आणि पत्रातही जागा, हवा, माणसं किती, यातलं काही लिहायला परवानगी नसते, हे मी तिला पुन्हा समजावलं. तिला ते पटलं नाही. स्वतःच्या आईला हवा सांगायची नाही म्हणजे काय, असं तिचं म्हणणं आहे.

माझी बातमी अशी की मी गेल्या महिन्यात कायम झाले. शेंद्र्याची तीच कंपनी. पहाटे पावणेसहाला बजाजनगरच्या चौकात कंपनीची बस येते, आणि बाबा अजूनही मला सोडायला चौकापर्यंत येतात. बसमधल्या सगळ्यांना ते सांगून झालंय की पोरगी लॅबमध्ये आहे, लाइनवर नाही.

तुझ्या पत्रात होतं की तुमच्या तुकडीला बंदुकीवर बसवायच्या नव्या साइट मिळाल्यात, काचेत लाल ठिपका दिसतो त्या. डब्यावर आमच्या कंपनीचं नाव आहे का बघ. असेल तर आत एक पिवळं कार्ड निघेल. त्यावर बॅटरीच्या चाचणीपुढे 'त. सा.' अशी सही आहे. ती मी, दादा. बाबांनी वाळूजला एकवीस वर्षं माल चढवला-उतरवला, त्यावर कधी कोणी त्यांची सही घेतली नाही. मी माप घेते, आणि ते माप खरं धरून कोणीतरी ती वस्तू डोळ्याला लावतो. हे मला रोज बसमध्ये आठवतं.

आता कामाचं. लोक साइट बंद करून ठेवतात, सेल वाचावा म्हणून. आपल्या घरात नाही का, बाबा भाजी आणायला निघाले तरी मेन स्विच पाडतात. पण ही वस्तू तशी बनवलेलीच नाही. ती कायम चालू ठेवायची. गरज पडेल तेव्हा चालू-बंदची चकती फिरवत बसायला वेळ नसतो. आत सेल छोटाच आहे, नाण्याएवढा, पण ठिपका इतकी कमी वीज घेतो की सेल पाच वर्षं जातो. पाच वर्षं कोणी थांबून बघत नाही, ठिपका किती वीज ओढतो ते मोजायचं आणि भागाकार करायचा. तो भागाकार मी स्वतः केलाय, तीनदा. तेव्हा ठिपका चालूच ठेवा. तुझ्या सोबतच्यांनाही सांग.

काकूनं विचारलंय, अंगात स्वेटर घालतोस का.

तुझी,
तनुजा


२६ नोव्हेंबर २०२३

तनू,
जय भीम.

तुझं पत्र २१ तारखेला भेटलं. डबा उघडला तर खरंच पिवळं कार्ड आणि त्याच्यावर तुझी सही. कार्ड माझ्या पाकिटात ठेवलंय. आमच्या हवालदारांना दाखवलं तर म्हणाले, "इंद्रजीत, म्हंजे तुमच्या घरात कुणीतरी डोकं वापरतं."

पत्रातला ठिपक्याचा भाग सगळ्यांना वाचून दाखवला. आम्ही सगळेच बंद करून ठेवायचो. नवा सेल वर यायचा म्हंजे महिना जातो. त्यात माझ्या शेजारच्या खाटेवर शिवम म्हणून आहे, आपल्याच जिल्ह्यातला, बिडकीनच्या पुढं त्याचं गाव. तो तर कहर. दर पाच मिनिटाला चकती शून्यावर. आम्ही त्याला कंडक्टर म्हणतो, सारखी हाताची हालचाल. मी म्हणलं, अरे, माझी बहीण सायंटिस्ट आहे, तिनं सांगितलंय पाच वर्षं. तर म्हणतो, "कागदावर लिहून दिलंय का?" मी पत्रच पुढं केलं. दोनदा वाचलं त्यानं. मग ठेवला चालू. आता आम्हा सगळ्यांचे ठिपके चालूच राहतात.

इथलं हवापाणी लिहायचं नाय म्हणून सोडतो. आईला सांग स्वेटर घालतो. दोन घालतो. शिवमला चार ओळी लिहायच्यात म्हणे, देतो त्याला.

तुझा दादा

तनुजाताई, नमस्कार. तुमचा भाऊ घोरतो, ही पहिली तक्रार. दुसरं म्हंजे, माझी आई मुक्ताबाई घरातली एक लाइट फुकट जळू देत नाय. बॅटरीचे सेल संपले की अंगणात उन्हाला ठेवते, दोन दिवस परत चालतात. तिच्या पोराला तुम्ही चोवीस तास चालू ठेवायला सांगताय. तिला कळलं तर तुमचं काय खरं नाय. आम्ही इथं दिवसभर काळे चष्मे घालून फिरतो, एकदम हिरो. तुमचा भाऊ पण बरा दिसतो चष्म्यात, म्हंजे बघा. — शिवम


बजाजनगर
१७ डिसेंबर २०२३

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र ऐकून काकू पहिल्यांदा हसली. शिवमच्या ओळी तिनं दोनदा वाचायला लावल्या. "काळा चष्मा घालून हिंडायला पाठवलंय का सरकारनं?" म्हणाली. बाबा म्हणाले, तरुण पोरं आहेत, हौस असते. हिरोंनी एक फोटो काढून पाठवावा, चालत असेल तर. शिवमला सांग, त्याच्या आईच्या बाजूने मी पण आहे, फक्त साइटचं तेवढं वेगळं. आणि तू मला सायंटिस्ट म्हणू नकोस, मी टेस्ट टेक्निशियन आहे.

सहा डिसेंबरला मी आणि बाबा पहाटे भडकल गेटला जाऊन आलो. तुझ्या नावाची पण एक मेणबत्ती लावली.

विश्वजीत सरांनी, म्हणजे आमच्या लॅबच्या प्रमुखांनी, मला नवं काम दिलंय. साइटच्या चकतीवर एक ते बारा नंबर असतात. एक म्हणजे ठिपका अगदी मंद, बारा म्हणजे सगळ्यात प्रखर. आतापर्यंत आम्ही फक्त सहावर मोजत होतो, कारण चाचणीच्या नियमात सहा लिहिलंय आणि खोलीचं तापमान लिहिलंय. आता मी सगळ्या बारा नंबरांवर मोजतेय. आकडे निघालेत, पण त्या कागदांवर 'गोपनीय' शिक्का आहे, म्हणून इथे लिहीत नाही. तू तुमचा नियम पाळतोस तसा मी आमचा पाळते.

तुम्ही साधारण कितव्या नंबरवर ठेवता? सहज विचारते. पुढच्या पत्रात आठवणीनं लिही.

तुझी,
तनुजा


८ जानेवारी २०२४

तनू,
जय भीम.

पत्र भेटलं. मी ठीक आहे. जेवण वेळेवर होतं. अक्षर वाकडं आलंय, मनावर घेऊ नको, पेन चांगला नाय.

शिवमची बदली झाली. म्हणून त्यानं काही लिहिलं नाय.

आईला सांग ठीक आहे.

इंद्रजीत


बजाजनगर
१ फेब्रुवारी २०२४

दादा,

तुझं पत्र काकूला वाचून दाखवलं. मध्ये दोन ओळी माझ्या मनाच्या घातल्या, नाहीतर ते फार लहान होतं.

सोमवारी माझ्या टेबलावर एक साइट आली. वापरातली, तक्रार होऊन परत आलेली. अशा महिन्याला दोन-तीन येतात. काचेला ओरखडा, चकती घट्ट, असं काहीतरी असतं. मी नेहमीप्रमाणे आधी डबा उघडला आणि मग सोबतचा कागद वाचला. तक्रार: ऐन वेळी ठिपका दिसला नाही. धारकाचं नाव: शिवम. पुढे गाव, तालुका, जिल्हा. त्याच्यापुढे एका चौकोनात 'मृत'. तारीख १२ डिसेंबर.

मी चहाच्या सुट्टीपर्यंत बाकीची कामं केली. मग साइट हातात घेतली.

चकती बारावर होती. सेल काढून वेगळ्या पुडीत पाठवला होता, तोच मी परत घातला आणि काचेतून पाहिलं. ठिपका होता. लाल, गोल, स्वच्छ. सेल मोजला, बराच उतरलेला, पण चालणारा. विश्वजीत सर म्हणाले, "चालतेय ना? मग लिही, दोष आढळला नाही."

दादा, कागदात खाली आम्हाला एक प्रश्न विचारलाय. तो तसाच उतरवते. "धारकास सदर उपकरण वारंवार बंद ठेवण्याची सवय होती असे सहकाऱ्याच्या जबाबात आले आहे. उपकरण निर्दोष असल्यास, प्रसंगी ते बंद अवस्थेत होते असे मानावे काय?" म्हणजे मी 'दोष नाही' लिहिलं की सगळं शिवमवर येतं. त्याची हयगय. तेच त्याच्या घरी कळवलं जाईल.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी ती साइट थंडीच्या पेटीत ठेवली. आमच्याकडे एक पेटी आहे, शून्याच्या खाली अठरा अंशांपर्यंत जाते. बाहेरच्या काचेतून बघत उभी राहिले. चार मिनिटांनी ठिपका गेला. फिका नाही झाला, गेलाच. मग बाहेर काढून खिडकीत उन्हाला ठेवली. डबा खाल्ला. परत आले तर ठिपका होता.

दिवसभर काळा चष्मा कशासाठी लागतो, हे मला तेव्हा कळलं. आपल्याकडे एवढं ऊन असतं, तरी आम्ही कोणी दिवसभर काळा चष्मा घालत नाही. चारी बाजूंनी पांढरं असेल तरच तो लागतो. आणि काळ्या चष्म्यातून सहा नंबरचा ठिपका दिसणारच नाही. बारावरच ठेवावा लागेल.

'गोपनीय' कागदावर बारा नंबरपुढे जो आकडा होता तो आता लिहिते. तेवीस दिवस. खोलीच्या तापमानाला तेवीस. थंडीत त्याहून कमी. माझं पत्र तुला २१ नोव्हेंबरला मिळालं होतं. तिथून १२ डिसेंबर, एकवीस दिवस.

मला दोनच गोष्टी सांग. तिथे बर्फ आहे का? आणि त्या दिवशी शिवमची साइट चालू होती का?

तनुजा


१९ फेब्रुवारी २०२४

तनू,

मी आता खाली आलोय, दवाखान्यात. घाबरू नको. उजव्या हाताची दोन बोटं बधिर आहेत, म्हणून अक्षर असं येतं. डॉक्टर टाचणी टोचून बघतात, मला कळत नाय. बोटं राहतील म्हणतात. आईला सांगू नको.

व्हय, बर्फ आहे. वर सगळीकडं बर्फच. ऊन पडलं की डोळे उघडता येत नाय.

चकती बारावर असायची. सगळ्यांची. चालूच असायची. तुझं पत्र आल्यापासून शिवमनं एकदा पण बंद केली नाय. पहिले दोन दिवस हात जायचा त्याचा चकतीवर, मग मीच ओरडायचो, "ए कंडक्टर!" मग हसून हात काढायचा.

त्या दिवशी आम्ही तिघं गस्तीवर होतो. दुपारची वेळ. खडकामागून फायर आला. शिवम पुढं होता. मी बघितलं, त्यानं साइट डोळ्याला लावली आणि परत खाली घेतली. हातमोज्यानं काच पुसली. त्याला वाटलं काचेवर बर्फ बसलाय. परत लावली. परत पुसली. लोखंडी खूण उभी करून नेम धरता येतो, पण ती आडवी पाडलेली असते, हातमोजा काढल्याशिवाय उभी होत नाय. तो दातानं हातमोजा काढत होता. तेवढ्यात.

माझा ठिपका पण गेलेला होता. ते मला संध्याकाळी कळलं. माझ्यावर ती वेळ आली नाय एवढंच.

कागदातला सहकारी म्हंजे मी. साहेबांनी विचारलं, याला बंद ठेवायची सवय होती का? मी म्हणलं, व्हय, होती. पुढं त्यांनी विचारलं नाय, मी सांगितलं नाय. सांगितलं असतं तर लगेच विचारलं असतं, चालू ठेवायला कुणी सांगितलं. मग तुझं पत्र निघालं असतं. तू घरातली एकटी शिकलेली. काका चौकात सांगत हिंडतात. आत्ताच कायम झालीस. शिवम तर गेलाच होता.

तुझं ते ५ तारखेचं पत्र याच्यात घालून पाठवतो. जाळून टाक. आणि दोष नाय असं लिहून मोकळी हो. मी पण मोकळा होतो.

दादा


बजाजनगर
१७ मार्च २०२४

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम.

काकूला तुझ्या बोटांबद्दल सांगितलं नाही. तू खाली आलायस, आता उबेत आहेस, एवढं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे आधी थंडीत होता तर."

मी अहवाल लिहिला. साइटमध्ये दोष आढळला नाही, असंच लिहिलं, कारण ते खरं आहे. त्याखाली थंडीच्या पेटीतलं निरीक्षण लिहिलं, चार मिनिटं, आणि उन्हात ठेवल्यावरचं. त्याखाली बारा नंबरचे तेवीस दिवस. आणि शेवटी असं की धारकाने उपकरण बंद ठेवलेलं नव्हतं, चाचणी करणाऱ्या व्यक्तीच्या लेखी सांगण्यावरून ते सलग एकवीस दिवस चालू होतं. तू पाठवलेलं पत्र जाळलं नाही. त्याला जोडलं. एक झेरॉक्स घरी ठेवली आहे.

विश्वजीत सरांनी अहवाल दोनदा वाचला. म्हणाले, "तू बरोबर आहेस. आणि हे आपल्याला कोणी विचारलेलं नाही. दोन्ही खरं आहे." त्यांनी सही केली नाही, पण अडवलाही नाही. माझ्या एकटीच्या सहीने तो गेला.

त्यानंतरच्या सोमवारी मला पॅकिंगला पाठवलं. शिक्षा म्हणून नाही, माणसं कमी आहेत म्हणून, असं सांगितलं. आता साइट, कापड, सेल आणि पिवळं कार्ड मीच डब्यात घालते. कार्डावर अजून 'बॅटरी: पाच वर्षे' एवढंच छापलेलं आहे. नवं कार्ड येईपर्यंत मी प्रत्येकावर पेनानं लिहिते, '६ नंबरवर. १२ वर २३ दिवस, थंडीत कमी.' दिवसाला दोनशे कार्डं होतात. अजून कोणी थांबवलेलं नाही. बाबांना एवढंच सांगितलंय की विभाग बदलला. त्यांनी विचारलं, "सही आहे का अजून तुझी?" मी म्हटलं, आहे, पण दुसऱ्या कामावर.

गेल्या रविवारी शिवमच्या गावी गेले होते. बिडकीनपर्यंत एसटी, पुढे काळी-पिवळी. मुक्ताबाई घरी एकट्याच होत्या. मी तुझी बहीण म्हणून सांगितलं, तर त्यांनी आधी पाणी दिलं, मग आतला पंखा लावला. स्वतः उंबऱ्यात बसल्या, पंख्याच्या वाऱ्याबाहेर. अंगणात पत्र्याच्या तुकड्यावर बॅटरीचे तीन सेल उन्हाला ठेवलेले होते.

मी बोलायच्या आधी त्याच बोलल्या. "कागद आलाय. त्यानं ते यंत्र बंद ठेवलं व्हतं म्हणून लिहिलंय. पुतण्यानं वाचून दाखवलं. मीच लावली ना ती सवय. उठलास की बटण बंद कर, बाहेर चाललास की बटण बंद कर. लहानपणी एकदा मारलं पण व्हतं त्याच्यावरून. कागद आल्यापासून मी बटणाला हात लावते आन् मला तेच दिसतंय."

मी म्हटलं, "मावशी, त्यानं बंद ठेवलं नव्हतं. चालूच ठेवलं होतं. तुमचा कागद मी लिहायच्या आधीच निघालाय. मी आता तसं लिहून कळवलं आहे. तुम्हाला दुसरा कागद येईल."

"चालू व्हतं?"

"हो. एकवीस दिवस. एकदाही बंद केलं नाही. त्यामुळेच सेल संपत आला आणि थंडीत ठिपका गेला."

"कुणी सांगितलं त्याला चालू ठेवायला?"

"मी. पत्रात लिहिलं होतं. पाच वर्षं चालेल, असं लिहिलं होतं."

मी झेरॉक्स काढून त्यांच्या हातात दिली. त्यांना वाचता येत नाही. तरी त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिली, मागची बाजू कोरी होती तीसुद्धा. मग घडी घालून परत दिली.

"आन् त्यानं ऐकलं," त्या म्हणाल्या.

"हो."

"कुणाचं ऐकायचा नाय तो."

त्या रडल्या नाहीत. मीही नाही. मला वाटलं होतं सांगितल्यावर काहीतरी होईल, त्या ओरडतील, किंवा मला बरं वाटेल. तसं काही झालं नाही. त्या उठल्या आणि अंगणातले सेल उलटे करून आल्या, दुसऱ्या बाजूला ऊन लागावं म्हणून.

दादा, जबाब तुझा आहे, तो बदलायचा की नाही ते तू ठरव. माझं पत्र आता तिथे पोहोचलेलंच आहे, तेव्हा माझ्यासाठी काही लपवायची गरज राहिलेली नाही. तुझी बोटं कशी आहेत तेही लिही. काय आहे ते लिही, ठीक आहे असं लिहू नकोस.

निघताना मी चपला घालत होते, तेव्हा मुक्ताबाई अंगणातून म्हणाल्या, "पोरी, पंख्याचं बटण बंद करून जा."

मी परत आत गेले आणि बंद केलं.

तुझी,
तनुजा